जबडा कुणाची ड्युटी करतोय?

प्रश्न : वय ३९, मुलुंडला राहते, नोकरी सीएसएमटीजवळ. सात वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे, यंदा मध्यमा पूर्णच्या परीक्षेला बसायचंय. काळी पाचमध्ये गाते, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा माझा सा. मध्य सप्तकात काही त्रास नाही, पण पंचमाच्या वर गेलं की जबडा आवळतो, हनुवटी पुढे येते आणि तार षड्ज (वरचा सा) दाबून, किंचित चढा लागतो. तानेत तर हनुवटीच नाचते. रियाजानंतर कानापुढे दुखतं. क्लासमध्ये ताई म्हणतात, ‘तोंड उघड, मोकळी गा.’ मी सोडायला जाते तेवढा जबडा जास्त ताठतो. घराच्या भिंती पातळ, शेजारचे आजोबा आजारी, त्यामुळे पहाटे साडेपाचला अगदी हळू आवाजात गाते. व्हिडिओ बघून दातांत बूच धरूनही गायले. फरक नाही. काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी ते बूच टाकून द्या. दातांत काहीही धरायचं म्हटलं की ते पडू नये म्हणून दाढा आवळतातच. म्हणजे जो स्नायू सैल व्हायला हवा, त्यालाच तुम्ही रोज व्यायाम घालत होतात.

जबडा आपल्या मनानं क्वचितच आवळतो. श्वास, जीभ, मान, यांपैकी कुणीतरी दांडी मारलेली असते आणि जबडा त्याची ड्युटी करत असतो. म्हणून ‘सैल सोड’ असं सांगून तो सुटत नाही. अंगावरचं काम तसंच असतं ना. ते काम कुणाचं आहे हे तुमच्या पत्रात दोनदा आलंय, तेही जाता जाता : ‘पंचमाच्या वर’ आणि ‘अगदी हळू आवाजात’. दोन्हीकडे येऊच, पण त्याआधी हा सांधा हाताला लागू द्या.

कानाच्या भोकापुढे जो मऊ उंचवटा असतो, त्याच्या अगदी पुढे दोन्ही तर्जन्या ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. सुरुवातीला सांधा दाराच्या बिजागरीसारखा जागच्या जागी फिरतो. पुढच्या दातांमध्ये साधारण दोन-अडीच सेंटीमीटर अंतर पडलं की बोटांखालचा गोळा पुढे सरकायला लागतो. तोंड पूर्ण उघडलं तर आपलीच तीन बोटं उभी मावतात. मध्य सप्तकात गायला पहिला, बिजागरीचा टप्पा पुरतो. तुम्ही मात्र ‘तोंड उघड’ ऐकलं की हनुवटी खाली आणि पुढे ढकलत असणार. ढकलण्याचं हे काम हनुवटीखालचे स्नायू करतात, आणि खरी भानगड तिथे आहे. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं. ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, नुसतं स्नायूंवर टांगलेलं आहे, आणि स्वरयंत्र त्याच्याखाली लटकतं. हनुवटीखाली ताण आला की तो थेट त्या टांगणीवर येतो. स्वरयंत्र वर ओढलं जातं, जीभ मागे जाते, सूर निघावा म्हणून तुम्ही श्वासाचा जोर वाढवता, आणि त्या जोरानंच षड्ज चढतो.

तोंड उघडण्याची दुसरी रीत म्हणजे दाढांजवळचे मिटणारे स्नायू नुसते सोडून देणं. खालचा जबडा आपल्या वजनानं खाली येतो. लोकलमध्ये बसल्या जागी डुलकी लागलेल्या माणसाचं तोंड उघडतं ना, तसं.

देवगिरीच्या यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे २५ दोष सांगितलेत. दात आवळून गातो तो संदष्ट. भयंकर मोठं तोंड वासतो तो कराली. मान उंच करून गातो तो करभ, म्हणजे उंट. कपाळाच्या, तोंडाच्या, मानेच्या शिरा ज्याच्या फुगतात तो झोंबक. तुमचं झालंय ते असं : संदष्टावर इलाज म्हणून कराली केलं, आणि त्यातून करभ उगवला. ताईंचं सांगणं चूक नाही, फक्त ‘उघड’ या शब्दानं तुमचे भलतेच स्नायू कामाला लागतात. त्यांना एवढंच विचारा, ‘मी उघडू की सोडू?’ त्या लगेच ओळखतील.

आता परीक्षा. अंगठ्याचं बोंड हनुवटीखालच्या मऊ भागात, हाडाच्या आतल्या बाजूला हलकं टेकवा आणि एकदा आवंढा गिळा. काहीतरी टणक होऊन अंगठ्याला खाली ढकलेल. तोच तो ताण. आता मध्य षड्ज आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, लावा. अंगठ्याखाली मऊच राहिलं पाहिजे. तसाच अंगठा ठेवून सा, ग, प, ध, नी, सां असे एकेक स्वर लावा आणि कुठल्या स्वराला टणक होतं ते वहीत लिहून ठेवा. मध्य गंधारालाच टणक झालं तर ती सवय आहे, उंचीशी तिचा संबंध नाही. पंचमानंतर झालं तर श्वास आणि स्वरवर्णाकडे (आ, ई, ऊ) बघायचं. मोबाइलवर व्हिडिओही घ्या, पण बाजूनं. समोरून घेतलात तर हनुवटी पुढे येते ते दिसतच नाही.

हळू आवाजाचं बघू. आवाज लहान करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, श्वास कमी सोडणं. याला शिस्त लागते. दुसरा, श्वास नेहमीइतकाच सोडून वाटेत फाटक लावणं : दात जवळ, जीभ मागे, गळा आवळलेला. शेजारी झोपलेत या धास्तीनं गाणारा माणूस हटकून दुसरा मार्ग धरतो, आणि रोज पहाटे अर्धा तास तेच केलं की गळ्याला तेच गाणं वाटायला लागतं. मग क्लासमध्ये मोकळा आवाज लावायची वेळ आली तरी फाटक बंदच.

म्हणून पहाटेचा रियाज बदला. अर्धा ग्लास पाणी आणि एक साधी स्ट्रॉ घ्या. लस्सीची जाड नको, नारळपाण्याला देतात तसली चालेल. टोक पाण्यात दोन-तीन सेंटीमीटरच बुडवा. ओठ स्ट्रॉभोवती मिटलेले, आत दाढा एकमेकींपासून सुट्या, जीभ खाली पसरलेली. ‘ऊ’ म्हणत मध्य षड्ज लावा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. ते अडखळले तर श्वास अडखळतोय. फवारा उडाला तर जोर जास्त आहे. गाल थोडे थरथरले तरी हरकत नाही. षड्जावर दोन मिनिटं, मग सा ते प आणि परत अशी सावकाश मींड (स्वर न तोडता घसरत जाणं), मग सा ते सां. एकूण पाच-सहा मिनिटं. स्ट्रॉमुळे बाहेर जाणारी हवा अडते आणि तिचा थोडा दाब स्वरतंतूंच्या वरच्या बाजूनं परत येतो; त्या आधारामुळे कमी जोरात स्वर लागतो आणि जबड्याला मध्ये पडायचं कारण उरत नाही. आणि भिंतीपलीकडे काही ऐकू जात नाही, हा तुमच्या दृष्टीनं मोठा फायदा. स्ट्रॉ फार खोल बुडवली तर उलट ढकलावं लागतं, तेवढं सांभाळा.

स्ट्रॉनंतर ओठांची फुर्रर्र, लहान मुलं गाडी चालवताना करतात तशी. ती टिकत नसेल तर दोन्ही बोटांनी गाल किंचित वर उचलून धरा. त्यानंतर ओठ मिटून, दात सुटे ठेवून ‘म्’चा हुंकार, आणि हुंकार चालू असताना तोंडात पुरणपोळीचा घास असल्यासारखं सावकाश चावत राहायचं. चावताना स्वर हलता कामा नये. जबडा हलतोय आणि स्वर स्थिर आहे, या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात हे गळ्याला इथे पहिल्यांदा कळतं. हे मला फार मोलाचं वाटतं, पण दिसायला विनोदी असल्यामुळे लोक दोन दिवसांत सोडून देतात.

भरल्या आवाजाचा आकार संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारी करा. रोज १५ मिनिटं पुरतील. घुसमटलेल्या तासभरापेक्षा ती बरी.

पंचमाच्या वरचं गणित वेगळं आहे. काळी पाचमध्ये तुमचा मध्य षड्ज सुमारे २३३ हर्ट्झवर, पंचम ३४९ वर आणि तार षड्ज ४६६ वर येतो. प्रत्येक स्वरवर्णाला तोंडाच्या पोकळीची आपली एक गुंज असते, म्हणजे त्या उंचीच्या आवाजाला पोकळी जास्त साथ देते. बाईच्या आवाजात ‘आ’ची पहिली गुंज ८०० च्या आसपास किंवा वर असते, ‘ई’ आणि ‘ऊ’ची बरीच खाली, साधारण ३०० ते ४०० च्या टापूत. म्हणजे पंचमाच्या पुढे गेलात की तुमचा सूर ‘ई’च्या गुंजेला मागे टाकतो. पोकळी साथ देत नाही, आवाज बारीक आणि चिमटल्यासारखा होतो, आणि तो वाढवायला तुम्ही जबडा आणि श्वास दोन्ही कामाला लावता. बंदिशीत ‘पिया’, ‘सखी’ असे शब्द तार षड्जावर आले की अडचण सर्वांत जास्त होते का, बघा. होत असेल तर तिथे ‘ई’ थोडी मोकळी करा : जिभेचा मधला भाग वरच राहू द्या, वरच्या-खालच्या दाढांमध्ये करंगळी जाईल एवढा जबडा सुटू द्या. तुम्हाला आतून ती ‘ए’कडे झुकल्यासारखी वाटेल, ऐकणाऱ्याला ‘ई’च ऐकू येईल. ‘ऊ’ला तसंच ‘ओ’कडे झुकू द्या. आकाराची गुंज मात्र तार षड्जाच्या कितीतरी वर आहे, त्यामुळे आकारात तिथे तोंड आणखी फाडायची गरज नाही.

तीन आठवडे काळी चार घ्या. दोन अर्धस्वर खाली आल्यानं तार षड्ज ४१५ वर येतो. याला माघार म्हणू नका, सवय मोडताना वजन कमी ठेवायचं असतं.

वर जाण्याआधी तुम्ही मोठा श्वास भरून घेता का? जवळजवळ सगळे घेतात. खांदे वर जातात, मानेचे पुढचे स्नायू ताणतात, आणि छाती इतकी भरते की आतला दाब अडवायला गळा आणि जबडा लागतो. एकदा उलटं करून बघा : अर्धा श्वास ‘हा’ म्हणून सोडून द्या, पोट सैल सोडा, आत येईल तेवढीच हवा येऊ द्या आणि लगेच नी-सां घ्या. बहुतेकांना हवा पुरते आणि जबडाही शांत राहतो. सोबत रोज ‘स्स्स’ करा : १५ सेकंद एकसारखा, फासळ्या पहिल्या दहा सेकंदांत कोसळू न देता, पाच वेळा. पोटावर परकराची किंवा सलवारीची नाडी करकचून बांधलेली असेल तर हे होणार नाही. रियाजाला नाडी सैल, आणि साडीत गायचं असेल तर कमरेच्या हाडावर, पोटाच्या खाली.

आता बैठक. सपाट सतरंजीवर मांडी घातली की बहुतेकांची कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतो आणि समोर बघायला हनुवटी पुढे काढावी लागते. जबड्याचं निम्मं दुखणं तिथेच. बसण्याच्या हाडांखाली चादरीची आठ-दहा सेंटीमीटर जाड घडी घ्या, गुडघे कमरेपेक्षा खाली आले पाहिजेत. गुडघे तरंगत असतील तर घडी वाढवा. घडी मागच्या अर्ध्या भागाखालीच, मांड्यांखाली नको. दर दहा मिनिटांनी वरचा पाय बदला. वही जमिनीवर ठेवू नका, स्टॅण्डवर किंवा चार जाड पुस्तकांवर उचला. आणि हे तीन आठवडे पेटी बाजूला ठेवा. डावा हात भात्यावर, उजवा स्वरांवर, मान वहीकडे, यात धड पिळलं जातं आणि कुठला खांदा वर गेलाय ते कळतही नाही. मोबाइलवरचा तानपुरा पुरे.

तुमचा प्रवासही यात मोजा. गर्दीत दांडी धरून उभं राहताना, एका खांद्यावर पर्स, किंवा चौथ्या सीटवर अर्धं बसताना माणूस दात आवळतोच. दिवसाचे दोन तास आवळलेला जबडा रियाजाच्या पाच मिनिटांत सुटत नाही. धीमी गाडी धरत असाल तर नाहूर ते सीएसएमटी १७ स्टेशनं होतात. ‘पुढील स्टेशन’ ऐकू आलं की एकदा तपासा : ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला हलकं टेकलेलं. विश्रांतीत जबडा असाच असतो. दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट. वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचे ते जेवताना आणि गिळताना, एरवी नाही. जलद गाडीनं जात असाल तर दर सिग्नलला गाडी रखडेल तेव्हा तपासा; सिग्नलही कमी नसतात.

घरी आल्यावर मसाज. दाढा एकदा आवळा; गालावर जो गोळा फुगतो तो चावण्याचा स्नायू. दाढा सोडा. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल त्यावर पाच मिनिटं धरा. मग तळहाताचा खालचा भाग गालफडाच्या हाडाखाली ठेवून सावकाश खाली, जबड्याच्या कोनापर्यंत ओढा. हाताबरोबर जबडा आपोआप सुटत खाली आला पाहिजे, तुम्ही उघडायचा नाही. सहा वेळा. कानशिलांवर बोटांनी गोल गोल, अर्धा मिनिट. गळ्याच्या बाजूला, जिथे नाडी उडते तिथे दाबू नका. शेवटी जिभेचं टोक टाळूलाच ठेवून दहा वेळा तोंड उघड-मीट करा. टोक सुटत नाही तेवढंच उघडायचं. जबडा बिजागरीच्या टप्प्यात राहतो आणि हनुवटी सरळ रेषेत उतरते. आरशात ती एका बाजूला वळताना दिसली तर वेग कमी करा.

तानेचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण वरचं जमल्याशिवाय तो सुटत नाही. प्रत्येक स्वराला हनुवटी हलते त्याला गवई ‘जबड्याची तान’ म्हणतात. मोठ्या गवयांच्या गळ्यातूनही ती ऐकू आली आहे, त्यामुळे तिला पापाच्या यादीत टाकायचं कारण नाही. पण तुमच्याकडे ती एकच तान असेल तर वेग एका जागी अडतो, कारण एवढं जड हाड सेकंदाला आठ-दहा वेळा हलवणं सोपं नाही. शिवाय दाणा, म्हणजे तानेतला एकेक सुटा ठोका, स्वराचा न राहता ‘या-या-या’ असा ऐकू येतो.

हाताची मूठ वळून तर्जनीची कड हनुवटीखाली टेकवा, दाब न देता. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर. ‘सारेग रेगम गमप’ हा अलंकार आकारात, मात्रेला एक स्वर. हनुवटी हलली नाही तर मात्रेला दोन, मग चार. मग वेग ६६, ७२ असा चढवा. जिथे मूठ हलते तिथे थांबा, एक पायरी खाली या आणि त्या दिवशी तिथेच रियाज करा. पहिले आठ दिवस तान गुळगुळीत, मींडेसारखी, दाणे नसलेली येईल. येऊ द्या. जबड्यानं पाडलेले दाणे गेलेत, गळ्याचे अजून आलेले नाहीत. घाबरून जबडा परत आणलात तर पुन्हा पहिल्या पानावर.

दुखण्याविषयी. सांध्यात नुसता ‘टक’ असा आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर काळजी नको, तो बऱ्याच जणांना येतो. पण तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असेल, मध्येच अडकत असेल, सकाळी उठल्यावर दाढा किंवा कानशिलं दुखत असतील, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपेत दात आवळले जात असतील तर ते दातांवर बसवायची मापाची पट्टी करून देतात. बाजारातली तयार मऊ पट्टी घेऊ नका, ती चघळायची सवय लागते. कानापुढे दुखत असेल त्या दिवशी च्युइंग गम, सुपारी आणि ऊस बंद. आवाज बसून दोन-तीन आठवडे झाले तर जबड्याचे व्यायाम थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू दुर्बिणीनं तपासून घ्या.

तीन आठवड्यांनी अंगठ्याची परीक्षा परत करा आणि वहीतल्या स्वराशी ताडून बघा. टणक होण्याची जागा पंचमावरून धैवत-निषादाकडे सरकली असेल तर काळी पाचवर या, एकदम नको, आठवड्यातून दोन दिवस. परीक्षेच्या खोलीत बसायला बहुधा सपाट सतरंजीच मिळेल, तेव्हा चादरीची ती घडी पिशवीत घालून न्या.